वारा बघून गाडी पकडा: यॉर्कला मुक्काम ठेवून यॉर्कशायर कसं पाहावं

लेकाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला आलेले आई-बाबा, घरातली दोन शाळकरी मुलं आणि हाताशी जेमतेम आठवड्याची सुट्टी. अशा वेळी बहुतेक घरांत ठरणारा बेत एकच असतो: एक रात्र इथे, दोन तिथे, पुढे स्कॉटलंडला धावती भेट. रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रोज दुपारी नव्या हॉटेलात खोली मिळेपर्यंत ताटकळायचं. यात पाहणं कमी आणि पोचणंच जास्त होतं. त्यापेक्षा एक काउंटी, म्हणजे इंग्लंडचा जिल्हा, धरावी, तिच्यातलं एक गाव धरावं आणि पाच-सहा रात्री तिथून हलू नये. माझी निवड यॉर्कशायर, आणि बिऱ्हाड यॉर्क शहरात.

यॉर्कशायर ही इंग्लंडची सर्वांत मोठी ऐतिहासिक काउंटी. कारभारासाठी आज तिचे नॉर्थ, वेस्ट, साउथ आणि ईस्ट रायडिंग असे भाग पडले आहेत, पण तिथल्या माणसाच्या अभिमानाचे तुकडे झालेले नाहीत. आकाराने ती साधारण पुणे जिल्ह्याएवढी. तेवढ्यात पश्चिमेला डेल्सची चुनखडीची खोरी, ईशान्येला नॉर्थ यॉर्क मूर्सची उघडी माळरानं, पूर्वेला उत्तर समुद्राचे कडे आणि नैर्ऋत्येला लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेली लीड्स-ब्रॅडफर्डसारखी शहरं. या सगळ्याच्या मधल्या सपाटीवर यॉर्क.

मुक्काम यॉर्कलाच का

लीड्समधून गाड्या जास्त सुटतात आणि खोलीही बऱ्याचदा स्वस्त मिळते. पाच तरुण मित्र निघाले असतील तर त्यांनी खुशाल लीड्सला राहावं. पण घरच्या मंडळींसाठी प्रश्न संध्याकाळचा असतो. दिवसभर भटकून सहाला परतल्यावर यॉर्कमध्ये स्टेशनाबाहेर पडलं की समोर तटबंदी दिसते, आणि तिथून नदी, जुन्या गल्ल्या, कॅथेड्रल असं सगळं पायी फिरता येतं. व्हिटबी सुंदर आहे, पण तिथे राहिलात तर बाकीचं सगळं लांब पडतं. हॅरोगेट नीटनेटकं आहे, पण ते मुख्य रेल्वेमार्गापासून बाजूला आहे.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क साधारण २ तासांवर, एडिंबराहून अडीच तासांवर. मँचेस्टर विमानतळाहूनही थेट गाड्या आहेत. तुमचं विमान उत्तरेकडे उतरवता येत असेल तर लंडनचा फेरा वाचतो.

पहिलं काम: महिना ठरवा

मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो. एका मुक्कामातून फिरणाऱ्याला हा फरक फार मोठा, कारण जाण्या-येण्यातच रोज तीन-चार तास जातात. समुद्रपक्षी पाहायचे असतील तर जुलै संपायच्या आत या. मूर्सवर हीदर या झुडपाचा जांभळा बहर हवा असेल तर ऑगस्ट. मात्र ऑगस्टात शाळांची सुट्टी असते आणि यॉर्कच्या घोड्यांच्या शर्यतींची मोठी सभाही त्याच महिन्यात भरते. त्या दिवसांत खोल्यांचे दर बघून घाम फुटतो. तारखा पक्क्या करण्याआधी शर्यतींचं वेळापत्रक जरूर पाहा.

दुसरं काम: खोली

स्टेशनापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत राहा. बिशपहिल तटबंदीच्या आत आणि स्टेशनाच्या जवळ आहे. द माउंट आणि बूथम हे भागही सोयीचे. पाच-सहा रात्री असतील तर स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट घ्या. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा. पहिली, खोली कितव्या मजल्यावर आहे? यॉर्कची जुनी घरं अरुंद जिन्यांची असतात आणि लिफ्ट क्वचितच. आईचे गुडघे दुखत असतील तर तळमजला मागून घ्या. दुसरी, स्वयंपाकघराला खिडकी किंवा एक्झॉस्ट आहे का? फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म कोकलायला लागला की शेजारपाजारची ओळख नको त्या प्रकारे होते.

तिसरं काम: तिकिटं, आणि ती न काढणं

लंडन ते यॉर्क आणि परतीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. ते ठरावीक गाडीचंच असतं, चालेल. यॉर्कहून रोजच्या फेऱ्यांची तिकिटं मात्र आधी काढू नका. लीड्स, स्कारबरा, हॅरोगेट अशा जवळच्या प्रवासाला आगाऊ तिकिटात फारशी बचत नसते, आणि तारखेला बांधलं गेलं की हवा बिघडली तरी जावं लागतं. त्या दिवशी सकाळची गर्दीची वेळ टळल्यावर ऑफ-पीक परतीचं तिकीट घ्या.

त्याआधी रेलकार्ड काढा. दोन मोठ्यांसाठी टू टुगेदर, मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स, साठीच्या पुढच्यांना सीनियर. मोठ्यांच्या तिकिटावर एक तृतीयांश सवलत मिळते, फॅमिली कार्डावर ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के. कार्डाची किंमत लंडनच्या एका फेरीतच बऱ्याचदा वसूल होते. भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही ही कार्डं मिळतात, सीनियरसाठी वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. लंडनमध्ये बँकेचं कार्ड टॅप करून गाडीत बसायची सवय लागलेली असते. इथे ते गृहीत धरू नका, चढण्याआधी तिकीट हातात हवं.

इंग्लंडमधल्या बहुतेक बसगाड्यांच्या एकेरी तिकिटाला २०२५ पासून ३ पौंडांची कमाल मर्यादा आहे. ही सरकारी योजना वेळोवेळी वाढवली जाते, निघण्यापूर्वी चालू आहे का ते बघून घ्या. चालू असेल तर दोन तासांची निसर्गरम्य सफर लंडनच्या कॉफीपेक्षा स्वस्त पडते.

चौथं काम: रोज रात्री वारा बघा

या सगळ्या बेताची किल्ली इथे आहे. यॉर्कशायरच्या पश्चिम अंगाला पेनाइन्सचे डोंगर उत्तर-दक्षिण पसरले आहेत. पश्चिमेचा ओला वारा त्यांच्यावर चढताना पाऊस टाकतो आणि पूर्वेला उतरेपर्यंत बराचसा कोरडा होतो. आपल्याकडे महाबळेश्वरला झोडपणारा पाऊस वाईच्या पुढे विरळ होत जातो, तसंच. म्हणून वारा पश्चिमेचा आणि आभाळ भरलेलं असेल तर किनाऱ्याकडे निघा.

वारा पूर्वेचा असेल तर गणित उलटतं. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला थंड उत्तर समुद्रावरून धुकं आत सरकतं. स्थानिक लोक त्याला सी फ्रेट म्हणतात. यॉर्कला ऊन असतं आणि व्हिटबीला समोरची भिंत दिसत नाही. अशा दिवशी डेल्समध्ये हवा छान असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे पाऊस असेल तर शहर. हवामान खात्याच्या, म्हणजे मेट ऑफिसच्या, ॲपमध्ये वारा कुठून येतोय ते कळतं. रात्री जेवण झाल्यावर तेवढं पाहायचं आणि उद्याची दिशा ठरवायची.

पहिला दिवस: खुद्द यॉर्क

प्रवासाचा शीण असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी गाडी नको. सकाळी लवकर तटबंदीवर चढा. भिंत सुमारे ३.४ किलोमीटर उरली आहे, वर चालायला पैसे पडत नाहीत. बूथम बार ते मंक बार (इथे बार म्हणजे तटबंदीची वेस) हा तुकडा सर्वांत देखणा, कारण कॅथेड्रल पूर्ण वेळ शेजारी असतं. काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, मुलांचा हात धरा.

इसवी सन ७१ च्या सुमारास रोमनांनी इथे छावणी वसवली. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून घोषित केलं ते याच गावात. मग व्हायकिंग आले, ८६६ मध्ये. आजचं यॉर्क मिन्स्टर, म्हणजे तेच कॅथेड्रल, १२२० ते १४७२ असं अडीचशे वर्षं बांधलं जात होतं. आत जायला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही, पण पूर्वेकडची प्रचंड रंगीत काचेची खिडकी पाहिली की कुरकुर थांबते. ती १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत झाली. केवळ वास्तूचा आतला भव्यपणा आणि गायन अनुभवायचं असेल तर संध्याकाळच्या इव्हनसाँग प्रार्थनेला जा, ती सर्वांना खुली आणि विनामूल्य असते.

मुलांसाठी स्टेशनामागचं नॅशनल रेल्वे म्युझियम. प्रवेश फुकट. १९३८ मध्ये ताशी १२६ मैल धावून वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम करणारं निळं मॅलार्ड इथे आहे, आणि जपानच्या पहिल्या पिढीतल्या बुलेट ट्रेनचा डबाही, ज्यात बसता येतं. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले असतील तर दोन तास जास्तीचे धरा. शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली फोटोत दिसते तशीच आहे, पण सकाळी नऊच्या आत जा. अकरानंतर तिथे फक्त लोकांच्या पाठी दिसतात.

पश्चिमेचा वारा: किनाऱ्याची फेरी

हा या काउंटीतला माझा सर्वांत आवडता दिवस, म्हणून जरा सविस्तर. यॉर्क ते व्हिटबी थेट रेल्वे नाही. तरीही एक सुंदर वर्तुळ जमतं: सकाळी रेल्वेने स्कारबरा, साधारण ५० मिनिटं. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने एक्स ९३ बस पकडून रॉबिन हूड्स बे, पुढे त्याच बसने व्हिटबी. परतताना व्हिटबीहून कोस्टलायनर ८४० ही दुमजली बस, जी मूर्स ओलांडून पिकरिंग, माल्टन करत सव्वादोन-अडीच तासांत यॉर्कला आणते. २०१८ मध्ये ब्रिटनमधला सर्वांत निसर्गरम्य बसमार्ग म्हणून लोकांनी याच मार्गाची निवड केली होती. वरच्या मजल्यावर पुढची सीट धरा. वाटेत होल ऑफ हॉर्कम नावाची मोठी द्रोणासारखी दरी लागते आणि ऑगस्टात रस्त्याच्या दोन्ही अंगांना हीदर फुललेलं असतं.

वर्तुळ याच दिशेने का? परतीची शेवटची ८४० लवकर सुटते. ती चुकलीच तर एक्स ९३ ने स्कारबरा आणि तिथून रेल्वे, असा दुसरा मार्ग शिल्लक राहतो. सकाळीच दोन्ही शेवटच्या बसच्या वेळा फोनमध्ये लिहून ठेवा, रविवारच्या वेगळ्या असतात.

रॉबिन हूड्स बे हे उतारावर वसलेलं चिमुकलं गाव. बस वर थांबते आणि समुद्र खाली, मधला रस्ता छातीवर येणारा. उतरताना मजा वाटते, चढताना कळतं. कधीकाळी तस्करीसाठी बदनाम. ओहोटीला खडकांच्या पायऱ्या उघड्या पडतात, मुलं खेकडे आणि जीवाश्म शोधत तासन् तास रमतात. पण भरतीची वेळ पाहिल्याशिवाय गाव सोडून खडकांवर लांब जाऊ नका. इथे पाणी कड्याच्या पायथ्याला टेकतं आणि परतीची वाट बंद होते. अडकलातच तर ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागायचा. धडधाकट मंडळींनी इथून कड्यांवरच्या क्लीव्हलँड वे पायवाटेने व्हिटबी गाठावं, साधारण १० किलोमीटर, चढउतारांसह तीन-साडेतीन तास.

व्हिटबीत नदीच्या दोन काठांवर दोन गावं. पूर्वेकडच्या १९९ पायऱ्या चढलात की सेंट मेरीचं चर्च आणि ॲबीचे भग्नावशेष. इथला मूळ मठ ६५७ मधला. आज दिसतात त्या कमानी नंतरच्या, आणि आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा १५३९ मध्ये त्यांची रया गेली. पायऱ्या झेपत नसतील तर टॅक्सी ॲबीच्या बाजूला सोडते. दर्यावर्दी जेम्स कुक तरुणपणी इथल्याच जहाजमालकाकडे उमेदवारी करत होता आणि त्याचं एन्डेव्हर जहाज इथल्याच गोदीत बांधलेलं. दुकानांत काळ्या चकचकीत जेटचे दागिने दिसतील. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाकडाचा जीवाश्म. पतीच्या निधनानंतर राणी व्हिक्टोरियाने तो वापरला आणि त्याची फॅशन झाली.

पक्ष्यांचं वेड असेल तर किनाऱ्याचा दुसरा दिवस बेम्प्टन क्लिफ्सला. स्कारबरा मार्गे बेम्प्टन स्टेशन, तिथून दोन-अडीच किलोमीटर पायी. शंभर मीटर उंच पांढऱ्या कड्यांवर एप्रिल ते जुलै लाखो समुद्रपक्षी असतात. गॅनेट सहज दिसतात, पफिन शोधावे लागतात. दुर्बीण आणि नाकाला रुमाल, दोन्ही घ्या.

पूर्वेचा वारा: डेल्स

कारशिवाय डेल्स पाहायचा उत्तम मार्ग म्हणजे सेटल-कार्लाइल रेल्वे. यॉर्क ते लीड्स २५ मिनिटं, तिथे गाडी बदलून रिबलहेड सव्वा तासावर. १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुली झालेली ही लाइन १९८० च्या दशकात बंद व्हायची होती. लोकांनी चळवळ केली आणि १९८९ मध्ये ती वाचली. रिबलहेडचा पूल २४ कमानींचा, ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच. तो बांधणारे मजूर कुटुंबांसह या उजाड पठारावर झोपड्यांत राहिले. अपघात आणि देवीच्या साथीत कित्येक गेले, त्यांची दफनभूमी जवळच्या चॅपल-ले-डेलला आहे. स्टेशनापासून पुलापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची सोपी वाट.

इथे गाड्या साधारण दोन तासांच्या अंतराने असतात, म्हणून कोणत्या गाडीने परतायचं ते उतरण्याआधी ठरवा. थेट डोंगर चढायचा तर मागे व्हर्नसाइड आहे, ७३६ मीटर. कळसूबाई चढलेला माणूस आकडा ऐकून हसेल. पण वर हवा अर्ध्या तासात पालटते, म्हणून छत्री नव्हे, चांगलं रेनकोट जाकीट आणि घोटा धरणारे बूट हवेत. ज्येष्ठांबरोबर असाल तर अलीकडे स्किप्टनला उतरा: बाजार, किल्ला आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याकाठची सपाट वाट.

गाडी भाड्याने घ्यायचीच तर एका दिवसासाठी, आणि ती मॅलमसाठी. भारतीय परवान्यावर पाहुण्यांना १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, रस्त्याची बाजूही आपलीच. भाड्याच्या कंपन्या बहुधा चालकाच्या नावचं क्रेडिट कार्ड मागतात. डेल्सचे रस्ते दोन दगडी भिंतींमधले, एका गाडीपुरते. समोरून ट्रॅक्टर आला की कोणी मागे जायचं हे नजरेने ठरतं. मॅलम कोव्ह हा ८० मीटर उंच चुनखडीचा वक्र कडा. हिमयुगाच्या शेवटी त्यावरून प्रचंड धबधबा पडायचा. आता पाणी जमिनीखालून जातं, फक्त डिसेंबर २०१५ च्या वादळी पावसात तो काही काळ पुन्हा वाहिला. जवळपास ४०० पायऱ्या चढून वर गेलात की भेगाळलेली दगडी फरसबंदी लागते, पावसात ती घसरडी असते.

पायवाटा बऱ्याचदा खाजगी शेतांतून जातात, पिवळा बाण असेल तर चालायचा हक्क तुमचा. फाटक उघडलं तर लावून घ्या. वासरांसोबतच्या गाईंपासून लांबून जा. गाय म्हणून कौतुकाने जवळ जाऊ नका.

वाऱ्याचा अंदाज लागत नसेल तर मधलं ठिकाण, फाउंटन्स ॲबी. रेल्वेने हॅरोगेट, ३६ नंबरच्या बसने रिपन, पुढे टॅक्सी. ११३२ मध्ये यॉर्कच्या सेंट मेरीज ॲबीतून बाहेर पडलेल्या १३ साधूंनी हा मठ उभारला. त्यांच्या जुन्या मठाचे अवशेष यॉर्कच्या म्युझियम गार्डन्समध्ये आहेत, ते आधी पाहून ठेवा. १९८६ पासून हा जागतिक वारसा आहे.

दोन्हीकडे पाऊस: शहरं

लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये प्रवेश फुकट. तिथे भारतातून आलेलं हत्तीचं चिलखत आहे. मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्हच्या पत्नीने ते १८०१ मध्ये इंग्लंडला आणलं. कर्कगेट मार्केटमध्ये १८८४ साली एका पेनीला वस्तू विकणारा स्टॉल लागला, त्याचंच पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं.

क्रिकेटवाल्यांना हेडिंग्ली सांगायला नको. १९८६ मध्ये वेंगसरकरने इथे नाबाद १०२ केले आणि भारत जिंकला. यॉर्कशायर क्लब पिढ्यान् पिढ्या काउंटीत जन्मलेल्यांनाच खेळवायचा. १९९२ मध्ये ती परंपरा मोडून पहिला परदेशी खेळाडू घेतला तो एकोणीस वर्षांचा सचिन. मैदानासाठी बर्ली पार्क स्टेशनला उतरा. हॅरोगेट मार्गे यॉर्क-लीड्स गाड्या तिथे थांबतात.

लीड्सहून पंधरा मिनिटांवर सॉल्टेअर. टायटस सॉल्टने १८५३ मध्ये, म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, इथे लोकरीची गिरणी उघडली आणि भोवती कामगारांसाठी घरं, शाळा, दवाखाना बांधला. दारूचा गुत्ता मात्र नाही. गिरणीत आता डेव्हिड हॉकनीची चित्रं आणि दुकानं आहेत. गिरणगावात वाढलेल्या माणसाने हे पाहावंच: भिंती, खिडक्या ओळखीच्या वाटतात, पण इथे गिरणी पाडून टॉवर उभा राहिला नाही. पुढे ब्रॅडफर्डला जेवा, करी तिथल्यासारखी इंग्लंडात क्वचितच मिळते.

जेवणाबद्दल एक इशारा

यॉर्कशायरमधल्या कित्येक फिश अँड चिप्सच्या दुकानांत तळण तेलात नव्हे, गोमांसाच्या चरबीत होतं. तिला बीफ ड्रिपिंग म्हणतात आणि तिथले लोक ते अभिमानाने पाटीवर लिहितात. नुसत्या बटाट्याच्या चिप्स मागवल्या तरी त्या त्याच कढईतल्या. तेव्हा आधी विचारा, वनस्पती तेल वापरणारी दुकानंही आहेत. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं, त्यात अंडं असतं आणि तेही बऱ्याचदा त्याच चरबीत भाजलेलं. खेड्यांत स्वयंपाकघरं रात्री साडेआठ-नऊला बंद होतात. डेल्सला निघताना थेपले, उकडलेले बटाटे, जे असेल ते डब्यात घ्या. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या भरून घ्या.

परतीचा दिवस

लंडनची गाडी दुपारनंतरची काढा, सकाळ बाजाराला मिळते. बॅगा घरमालकाकडे ठेवता येतात का ते आदल्या दिवशीच विचारा. रविवारी निघत असाल तर रुळांच्या कामांमुळे काही भागात रेल्वेऐवजी बस असू शकते, आठवडाभर आधी तपासा. आणि गाडी उशिरा पोचली तर तिकीट फेकू नका. ठरावीक मिनिटांहून जास्त उशीर झाला की कंपनीकडून भाड्याचा काही भाग परत मिळतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि २८ दिवसांच्या आत.